सर्व वकील बदके आहेत

माणसाने बावन्नाव्या वर्षी काय काय शिकू नये याची यादी कोणी केली, तर पोहणं, प्रेम करणं आणि तर्कशास्त्र या तिन्हींत तर्कशास्त्राचा नंबर मी पहिला लावीन. पोहायला शिकताना माणूस फार तर बुडतो. तर्कशास्त्रात तो बुडत नाही, रोज संध्याकाळी बायकोसमोर चुकतो.

मला याची हौस नव्हती हे आधीच सांगून ठेवतो. मी त्या वेळी आमच्या कार्यालयात पडताळणी कारकून होतो. लोकांनी अर्जाला जोडलेल्या प्रती मूळ कागदांशी ताडून बघायच्या, जुळल्या तर ‘मूळ कागदपत्रांवरून पडताळले’ असा शिक्का मारून खाली सही करायची, नाही जुळल्या तर अर्ज परत करायचा. हे काम मी सव्वीस वर्षं केलं. एकदा एका माणसाने मला स्वतःच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत आणून दिली होती, चुकून दुसऱ्या कोणाची तरी, पण नाव तेच. मी त्याला मूळ प्रत मागितली. लोक याला खवचटपणा म्हणतात, मी याला शिस्त म्हणतो.

आमच्या विभागात टेबलं दोन. एक माझं, दुसरं माझ्या मेहुण्याचं. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणारी माणसं जगात पुष्कळ असतात, मी मात्र तो धोंडा साहेबांकडे शब्द टाकून, एकोणीस वर्षांपूर्वी, मुद्दाम मागवून घेतला. हा गृहस्थ कागद वाचत नाही. कागद समोर आला की शिक्का, सही, पुढचा कागद. तोंडाने गप्पा चालूच. एकदा मी परीक्षा बघायची म्हणून त्याच्या गठ्ठ्यात घरच्या इस्त्रीच्या कपड्यांची यादी सरकवली. संध्याकाळी माझे चार शर्ट, दोन पँटी आणि एक उशीचा अभ्रा मूळ कागदपत्रांवरून पडताळून परत आले. तेव्हापासून मी त्याला मनातल्या मनात सहीबहाद्दर म्हणतो. कधीकधी मोठ्यानेही म्हणतो.

तर अशात आमचे मुख्य लिपिक निवृत्त झाले आणि त्यांची जागा खात्यांतर्गत परीक्षेने भरायचं ठरलं. मुख्य लिपिकाला काचेची केबिन असते, वेगळा पंखा असतो आणि टेबलावर घंटा असते. घंटा वाजली की आम्ही उठून आत जायचं, असा रिवाज. पन्नाशीनंतर परीक्षेला दोनदाच बसता येतं. एकदा मी बसून घरी आलेलो होतो, म्हणजे ही शेवटची संधी. उमेदवार दोनच, मी आणि सहीबहाद्दर. मी नापास झालो तर पुढची सहा वर्षं तो घंटा वाजवणार, मी उठून आत जाणार, रजेच्या अर्जावर मी त्याला ‘महोदय’ लिहिणार, आणि रविवारी तोच महोदय माझ्या घरी येऊन माझ्याच खुर्चीत पाय वर घेऊन बसणार. यापेक्षा मला आणखी काही समजावून सांगायची गरज आहे असं वाटत नाही.

नियमांचा पेपर मला तोंडपाठ होता, मसुदालेखनाचाही. पण या वर्षी वरच्या कोणाच्या तरी डोक्यात आलं की कारकुनांना नीट विचार करता येतो की नाही हेही बघावं, आणि तिसरा पेपर आला तर्कशास्त्राचा. सव्वीस वर्षं ज्याने विचार केला त्याला ‘तुम्ही विचार करू नका, नियमात काय आहे ते सांगा’ असं दरडावणारं हेच खातं, हे इथे नमूद करतो आणि पुढे जातो.

आधी अर्ज. परीक्षेच्या अर्जातली माहिती पडताळणी कारकुनाने पडताळलेली असली पाहिजे, अशी अट होती. पडताळणी कारकून मी. पण स्वतःचा कागद स्वतः पडताळता येत नाही, हाही नियम, आणि तो योग्यच आहे. त्यामुळे माझा अर्ज गेला शेजारच्या टेबलावर. सहीबहाद्दर तेव्हा फोनवर कोणाला तरी पाठदुखीवर उपाय सांगत होता. त्याने ‘पालथं झोपायचं, उशी पोटाखाली’ म्हणेपर्यंत माझा अर्ज पडताळून झालेला होता. मी सही मिळाली एवढं बघितलं.

मग मी गाइड आणलं. तर्कशास्त्र नवशिक्यांसाठी, तीनशे वीस पानं. पहिल्या धड्यातलं पहिलंच उदाहरण असं होतं: सर्व वकील बदके आहेत. सर्व बदकांना पोहता येते. म्हणून सर्व वकिलांना पोहता येते. खाली प्रश्न, हे अनुमान वैध आहे का? मी स्वच्छ अक्षरात लिहिलं, ‘नाही, कारण पहिलं विधान धादांत खोटं आहे.’ मागे उत्तर बघितलं तर ‘वैध आहे’. मी तीनदा वाचलं. छापखान्याची चूक असेल म्हणून दुकानदाराकडे गेलो, तर तो म्हणाला की पुस्तक उघडल्यावर परत घेत नाहीत.

आमच्या वर, पाचव्या मजल्यावर, एक निवृत्त वकीलसाहेब राहतात. सल्ला द्यायला त्यांना कारण लागत नाही. म्हटलं, वादविवादात जन्म गेलाय, त्यांना कळेल. गाइड घेऊन गेलो आणि ते वाक्य त्यांना वाचून दाखवलं. इथे माझी एक चूक झाली. आधी हे तर्कशास्त्राचं उदाहरण आहे, असं सांगायला हवं होतं. मी दारातच चष्मा लावून ‘सर्व वकील बदके आहेत’ इथूनच सुरुवात केली. ते खुर्चीत ताठ झाले. मी घाईघाईने म्हटलं की हे मी म्हणत नाही, पुस्तक म्हणतंय, आपण फक्त ते खरं मानून चालायचं. ते म्हणाले की कोर्टात कुठलीही गोष्ट खरी मानून चालत नाहीत, ती साक्षीपुराव्याने शाबीत करावी लागते. मला ते इतकं पटलं की मी हो हो म्हणत मान हलवली, आणि तोंडून निघून गेलं, ‘मग तुम्हाला पोहता येतं का?’ त्यांना येत नव्हतं. लहानपणी विहिरीत पडल्याचा प्रसंग होता म्हणे. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद झालं.

बोलणं बंद झाल्याचा फटका आठवड्याभरातच बसला. तोवर मी ‘जर–तर’च्या धड्यावर आलो होतो आणि शिकलेलं रोजच्या जीवनात वापरून बघा, असं गाइडनेच सांगितलं होतं. मी पिठाचा दहा किलोचा डबा घेऊन इमारतीच्या दाराशी उभा होतो. लिफ्ट चालू आहे का बंद, ते बघायला बोळातून मागे जावं लागतं. तेवढ्यात वकीलसाहेब आतून धापा टाकत बाहेर आले आणि माझ्याकडे न बघता निघून गेले. एरवी मी त्यांनाच विचारलं असतं. आता विचारणार कसा? मी विचार केला: जर लिफ्ट बंद असेल, तर वकीलसाहेब धापा टाकत बाहेर येतात. वकीलसाहेब धापा टाकत बाहेर आले आहेत. म्हणून लिफ्ट बंद आहे. आणि मी डबा खांद्यावर घेऊन चार मजले चढलो. चौथ्या मजल्यावर पोचतो न पोचतो तोच लिफ्टचं दार उघडलं आणि आतून गाणं गुणगुणत सहीबहाद्दर बाहेर आला.

वकीलसाहेब कोणाशी तरी फोनवर भांडून आल्यामुळे धापा टाकत होते, हे बायकोने नंतर सांगितलं. ‘धापा टाकायला लिफ्टच बंद असावी लागते का?’ असंही तिने विचारलं. मी गाइड उघडलं. एकतिसाव्या पानावर ही चूक चौकटीत छापलेली होती आणि खाली लिहिलं होतं की नवशिके ती हमखास करतात. मी पान एकतीसला क्लिप लावून टाकली.

खालचे औषधांचे दुकानदार म्हणाले की एवढं डोकं शिणवायचं कारणच नाही. त्यांचा साडू सगळ्या परीक्षा तिसऱ्या पर्यायावर खुणा करून पास झाला. मी विचारलं, साडू हल्ली काय करतो? तर तो घरीच असतो म्हणाले. त्यांनी मला स्मरणशक्तीच्या गोळ्या दिल्या. त्या दिवसातून दोनदा घ्यायच्या होत्या, आणि दुसरी घ्यायची मी रोज विसरत होतो.

खरी मानहानी घरातच चालू होती. मेहुण्यालाही परीक्षा द्यायची, त्याच्या घरी पोरांचा गोंधळ, म्हणून बायकोने त्याला आमच्याकडे अभ्यासाला बोलावलं. रोज सहा वाजता आम्ही दोघं टेबलाच्या दोन टोकांना बसायचो, मध्ये ती भाजी निवडत किंवा बटणं लावत बसायची आणि गाइडमधले प्रश्न वाचून दाखवायची. सर्व टोप्या खुर्च्या आहेत, काही खुर्च्या हिरव्या आहेत, तर काही टोप्या हिरव्या आहेत का? माझं डोकं पहिल्याच विधानाला अडायचं. टोप्या खुर्च्या आहेत हे कोणी ठरवलं? कुठल्या आदेशान्वये? मूळ प्रत कुठे आहे? तोवर समोरून मेहुणा शेंगा सोलत म्हणायचा, ‘नक्की सांगता येत नाही, हिरव्या खुर्च्या दुसऱ्याच असतील.’ आणि बरोबर असायचं. दर वेळी बरोबर असायचं. जन्मात एक कागद न वाचलेल्या या माणसाला वाटेल ते विधान खरं मानायची इतकी सवय होती, की तर्कशास्त्राचा अर्धा अभ्यास त्याचा नोकरीतच होऊन गेला होता. सव्वीस वर्षांच्या इमानदारीने माझा घात केला.

असे पंधरा दिवस गेल्यावर मी एकदा पेन्सिल फेकली. सर्व मासे शिंपी आहेत, असं काहीतरी होतं. मी म्हणालो की खोट्या विधानाखाली मी उत्तर लिहिणार नाही, परीक्षा गेली उडत. मेहुणा चटकन उठून पाणी प्यायला गेला. बायकोने बटण लावून झाल्यावर दोरा दातांनी तोडला आणि म्हणाली, ‘अहो, मासे शिंपी आहेत की नाहीत हे आपलं खातंच नाही. ते त्या खात्याने बघितलं असेल. तिथून कागद आलाय. आपण एवढंच बघायचं, की यातून पुढचा कागद निघतो की नाही.’

मी फेकलेली पेन्सिल उचलून आणली. इतकं साधं होतं ते. खरंखोटं बघणारं टेबल वेगळं, पुढे काय निघतं ते बघणारं टेबल वेगळं. गाइडच्या लेखकाला हे तीनशे वीस पानांत सांगता आलं नव्हतं. त्या संध्याकाळी मी चाळीसपैकी तेहतीस प्रश्न बरोबर सोडवले, मेहुण्याचे चौतीस आले, आणि बायकोने, जी परीक्षेला बसणार नव्हती, तिने चाळीसच्या चाळीस तोंडी सांगितले. तिला याबद्दल काही विशेष वाटलं नाही, तिने विचारलं की उद्याच्या डब्याला काय करू.

परीक्षेच्या दिवशी मी अर्धा तास आधी पोचलो. दाराशी पर्यवेक्षक बाई प्रवेशपत्रं तपासत होत्या. त्यांनी माझं पत्र बघितलं, मला बघितलं, परत पत्र बघितलं आणि जन्मतारीख विचारली. मी सांगितली. त्या म्हणाल्या, ‘यावर तर तुम्ही तीन आठवड्यांचे आहात.’

काय झालं होतं ते माझ्या लगेच लक्षात आलं, आणि ते सांगताना अजूनही जीभ जड होते. दिवसातून दोनशे वेळा मी शिक्क्याखाली ‘दिनांक’ या शब्दापुढे आजची तारीख घालतो. अर्जात ‘जन्मदिनांक’ आलं, हाताने ‘दिनांक’ तेवढं बघितलं आणि सवयीने आजची तारीख घातली. माझ्या हाताची चूक मला दिसली नाही, कारण स्वतःचा कागद स्वतः पडताळता येत नाही. आणि ज्याने पडताळायचा, तो पाठदुखीवर उपाय सांगत होता.

मी बाईंना म्हणालो की जर हे पत्र खरं असेल तर मी तीन आठवड्यांचा आहे, तीन आठवड्यांचं मूल बोलू शकत नाही, मी बोलतो आहे, म्हणून हे पत्र खोटं आहे. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं बिनचूक अनुमान होतं आणि मला त्याचा अभिमान वाटला. मागे उभा असलेला मेहुणा ‘वा’ म्हणाला. बाई शांतपणे म्हणाल्या की पत्र खोटं असेल तर खोट्या पत्रावर आत सोडता येणार नाही. मग त्यांनी नियमांचं पुस्तक काढलं. कमाल वयाची अट होती, किमान वयाची नव्हती. ‘पत्रावर जे आहे ते आम्ही खरं धरून चालतो,’ त्या म्हणाल्या, ‘जा, बसा. दुरुस्ती नंतर तुमच्या कार्यालयातून करून घ्या.’ मी तान्हा उमेदवार म्हणून आत गेलो. पेपरात ‘सर्व कारकून वेळेवर येतात’ असं एक विधान आलं आणि मी मोठ्याने हसलो, तेव्हा बाईंनी ताकीद दिली. बाकी पेपर चांगला गेला.

दुरुस्ती नंतर करू म्हणून राहिली ती राहिलीच. माझ्यासारख्या माणसाने ती कशी राहू दिली, हे मला विचारू नका. मी स्वतःला बऱ्याचदा विचारून झालंय.

दोन आठवड्यांनी, दुपारी तीन वाजता, निकाल आला. माझे एकशे सत्त्याण्णव. मेहुण्याचे एकशे सत्त्याण्णव. साहेबांनी मला आत बोलावलं आणि नियम अकरा वाचून दाखवला: समान गुण मिळाल्यास वयाने ज्येष्ठ असलेल्यास प्राधान्य. माझा जीव भांड्यात पडतोय तोच साहेब म्हणाले, ‘कागदोपत्री तुम्ही पाच आठवड्यांचे आहात हो.’ साहेबांना मी सव्वीस वर्षं ओळखतो, ते मला ओळखतात, माझ्या डोक्यावरचे केस त्यांच्यासमोर गेले. पण आदेश साडेपाचच्या टपालाने जायचा होता आणि कागदावर मेहुणा माझ्यापेक्षा चव्वेचाळीस वर्षांनी मोठा होता. दुरुस्ती करायची तर अर्ज करावा लागेल, साहेब म्हणाले, आणि मूळ अर्ज ज्याने पडताळला त्यानेच दुरुस्तीही पडताळायला हवी.

मी बाहेर आलो तर विभागात गर्दी. बातमी माझ्याआधी पोचली होती. लोक मेहुण्याच्या पाठीवर थापा मारत होते. तो घरी फोन लावून बोलत होता, आवाज न चढवता, ‘हो, झालं. खरंच झालं. आईलाही सांग.’ मी इतक्या वर्षांत त्याला इतकं हळू बोलताना ऐकलं नव्हतं. मी माझ्या टेबलाशी बसून शाईचा पॅड उघडला, बंद केला, परत उघडला.

मग मी बायकोला फोन केला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘तो माझा भाऊ आहे आणि तुम्ही माझा नवरा आहात. मला काय विचारता? कागदावर खरं काय आहे तेवढं लिहा आणि त्याच्या पुढ्यात ठेवा. त्याला एक शब्द बोलू नका.’

मी अर्ज लिहिला. राग होता, लाजही होती, कशाचं प्रमाण किती हे सांगता येणार नाही. सोबत सेवापुस्तकाच्या पानाची प्रत आणि जन्मदाखल्याची प्रत जोडली. साडेचारला अर्ज त्याच्या पुढ्यात ठेवला. तो कोणाला तरी सांगत होता की केबिनमधला पंखा आधी दुरुस्त करून घ्यावा लागेल. मी काही न बोलता माझ्या जागी येऊन पाठ फिरवून बसलो. त्याच्याकडे बघण्याची हिंमत नव्हती. मध्ये तो एकदा फोन घेऊन जिन्याकडे गेला आणि परत आला. पाचला दहा कमी असताना शिक्क्याचा आवाज आला. अर्ज माझ्या टेबलावर टाकून तो म्हणाला, ‘घ्या भावोजी, झाली सही,’ आणि पिशवी उचलून घरी गेला.

मी तसाच अर्ज साहेबांकडे पोचवला. साडेपाचच्या टपालाने माझ्या नावाचा आदेश गेला.

दुसऱ्या दिवशी विभागात कुजबुज होती. सगळ्यांचं एकमत की सहीबहाद्दराने नेहमीप्रमाणे न वाचता सही केली आणि हातातली केबिन घालवली. लोक पोट धरून हसले. मेहुणाही हसला. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, ‘तू तो अर्ज वाचला होतास का रे?’ तो म्हणाला, ‘मी कधी वाचतो भावोजी? तुमचा विश्वास म्हणून केली सही.’ मला खरं सांगायचं तर बरं वाटलं. ज्याला फुकट गेलेलं कळलंच नाही त्याच्याबद्दल वाईट वाटून घ्यायचं कारण नसतं. आणि वर मी त्याला चार गोष्टी सुनावल्या, की कागद वाचत जा, बघ काय होतं ते.

पुढच्या आठवड्यात मी केबिनमध्ये बसायला लागलो. जुन्या फायली बांधायला आल्या, त्यात माझीही. सव्वीस वर्षांची सवय, मी तो दुरुस्तीचा अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला. सगळ्यात शेवटी मी लिहिलं होतं, ‘सोबत कागदपत्रे: तीन.’ तिसरा माझा शाळेचा दाखला, तो घरीच राहिला होता. गडबडीत मी तीन लिहून दोनच जोडले होते. आणि ‘तीन’ या शब्दावर एक आडवी रेघ मारून वर बारीक अक्षरात ‘दोन’ लिहिलेलं होतं. शेजारी छोटी सही. मेहुण्याची.

मी दार लावून घेतलं. ज्याने कागद मोजले त्याने यादी वाचली. ज्याने शेवटची ओळ वाचली तो वरच्या चार ओळींवरूनच तिथे आला. त्या चार ओळींत कोणाचा जन्म कधीचा आणि का सांगतो आहे, सगळं होतं. इथे पहिली विधानं खोटी नव्हती, मूळ कागद माझ्या हातात होता. आणि आणखी एक गोष्ट होती, जी आमच्या दोन टेबलांशिवाय कोणाला कळली नसती. वयाच्या दुरुस्तीला तीन कागद लागतात. दोन असतील तर ‘कागदपत्रे अपूर्ण’ असा शेरा मारून अर्ज परत करायचा. त्याला नुसतं परत करायचं होतं. कोणी त्याला नावं ठेवली नसती, नियम त्याच्या बाजूने होता. त्याच्या जागी मी असतो तर परत केला असता. सख्ख्या भावाचा असता तरी केला असता, आणि रात्री शांत झोपलो असतो.

संध्याकाळी घरी गेल्यावर मी हे बायकोला सांगितलं. कपड्यांच्या घड्या घालता घालता ती ऐकत होती. मी म्हणालो की त्याला तिसऱ्या कागदाचा नियम बहुतेक आठवला नसावा, वाचायची सवय नाही ना. म्हणजे मी स्वतःसाठी एक फट शोधत होतो.

‘आठवत नव्हता,’ ती म्हणाली. ‘म्हणून तर त्याने जिन्यातून मला फोन केला. ताई, दोन कागदांवर चालतं का म्हणून विचारलं. तुमच्या तोंडून ते नियम ऐकून ऐकून मला पाठ झालेत.’

‘मग तू काय सांगितलंस?’

‘चालत नाही म्हणून सांगितलं. खरं तेच सांगितलं.’ तिने उशीच्या अभ्र्याची घडी नीट केली आणि गठ्ठ्यावर ठेवली. ‘तो बरं म्हणाला आणि फोन ठेवला.’

मी खुर्चीत बसलो. मग फोन घेतला आणि मेहुण्याला लावला. काय बोलायचं ते घंटा वाजत असताना जुळवत होतो. जुळत नव्हतं. त्याने फोन उचलला, मागे पोरांचा गोंधळ चालू होता.

‘बोला भावोजी,’ तो म्हणाला, ‘कुठे सही करायची?’